चौथी बाटली

खाली लिहितोय ते मी नऊ वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. गेल्या महिन्यात एका बाईला सांगितलं, कारण तिचा त्यावर हक्क होता... आणि आता तुम्हाला.

या सदरातले अनुभव मी वाचतो, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. अकोल्याला जुन्या शहरात माझा फोटो स्टुडिओ आहे. फोटोत काहीतरी विचित्र आलं म्हणून वर्षाकाठी दोन-तीन जण तरी माझ्याकडे येतात. कुठे फ्लॅशची चकाकी असते, कुठे लेन्सवर आलेलं स्वतःचंच बोट. मी ते मोठं करून दाखवतो, चहा पाजतो आणि परत पाठवतो. त्यामुळे माझं लिखाण वाचून कुणी हसलं तर मला राग नाही. मीही हसलो असतो.

पण आधी नऊ वर्षांपूर्वीचं सांगावं लागेल. त्यात अमानवीय असं काहीच नाही.

प्रल्हाद माझा मित्र. मूर्तिजापूरजवळ त्याची फुलशेती — झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. लग्नाच्या हॉलवर सगळ्यांच्या आधी दोन माणसं पोचतात, हारवाला आणि फोटोवाला. तशी आमची दोस्ती झाली. स्टेजवरचे तेच ते फोटो काढून मला कंटाळा आला होता. स्वतःचं म्हणावं असं एक काम करायचं होतं. ठरवलं, मूर्तिजापूर ते अचलपूर ही ‘शकुंतला’ नावाच्या जुन्या आगगाडीची बंद पडलेली छोटी लाईन पायी चालायची आणि प्रत्येक स्टेशनच्या नावाच्या बोर्डाचा फोटो काढायचा. पाऊणशे किलोमीटर, चार दिवस, पाठीवर सामान. प्रल्हादचे वडील याच गाडीनं झेंडूच्या पाट्या दर्यापूरच्या बाजाराला न्यायचे, म्हणून तोही तयार झाला. मार्चचा शेवट होता. मी म्हटलं, एप्रिलपेक्षा बरं.

निघालो त्याच्या घरून, उजाडता उजाडता. त्याची बायको शोभावहिनी. तिनं दोन-दोन लिटरच्या चार बाटल्या भरून स्वतःच्या हातानं माझ्या बॅगेत ठेवल्या. पाणी माझ्याकडे, भाकरी-चटणी आणि अंथरूण त्याच्याकडे.

रुळांवरून चालणं वाटतं तितकं सोपं नसतं. त्या लाईनीचे स्लीपर असे की प्रत्येकावर पाय टाकला तर पाऊल आखूड पडतं, एक सोडून टाकला तर लांब. त्यात बाभळीचे काटे. मी दर अर्ध्या तासानं कॅमेरा काढायचो आणि प्रल्हाद पुढे जाऊन कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. "तुया फोटोपायी गाडी लेट होऊन राहिली बे," म्हणायचा. कुठली गाडी... तिथं तर रुळांवर गवत वाढलेलं.

दुपारी एका हॉल्टवर पोचलो. नाव मुद्दाम देत नाही. एक पडकी खोली, एक कडुनिंब आणि सिमेंटचा बोर्ड. साडेबाराला निंबाची सावली बोर्डावरून सरकली. रंग असा उडालेला की अक्षरं दिसेनात. जुन्या रंगावर पाणी टाकलं की तो उठून येतो, हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही माहीत असतं. प्रल्हाद निंबाखाली टॉवेल तोंडावर घेऊन झोपला होता. दोन बाटल्या तोवर आम्ही संपवल्या होत्या. मी तिसरी काढली आणि बोर्डावर ओतली. अक्षरं आली... काय सुंदर आली. पण त्या उन्हात पाणी मिनिटभरही टिकेना. फोकस करेपर्यंत बोर्ड पुन्हा पांढरा. पुन्हा ओतलं. असं पाच वेळा. तिसरी बाटली संपली, रिकामी तिथंच खोलीमागे टाकली. फोटो मिळाला.

हा सगळा पट्टा खारपाणाचा. विहिरीला पाणी असतं, पण ते प्यायचं नसतं. इथला माणूस बाहेर पडताना पाणी घरूनच घेतो. मी अकोल्यात जन्मलो, मला हे कुणी सांगायची गरज नव्हती.

प्रल्हाद उठला, बॅगेत हात घालून म्हणाला, "एकच उरली?"

मी म्हटलं, "वहिनींनी घाईत तीनच भरल्या वाटते."

तो हसला. "असन," म्हणाला.

एवढंच. हे वाक्य मी का बोललो, ते मला आजही नीट सांगता येत नाही. खरं सांगितलं असतं तर तो दोन शिव्या देऊन तिथंच निंबाखाली ऊन उतरेपर्यंत बसला असता. पण मला संध्याकाळचा उजेड दर्यापूरच्या स्टेशनवर हवा होता.

उरलेली बाटली दीड-दोनपर्यंत संपली. तीनच्या सुमाराला त्याचं बोलणं तुटक झालं. घाम यायचा थांबला. एका बाभळीखाली तो बसला तो उठेना. मी शेतातून पळत विहिरीवर गेलो, पाणी आणलं. खारं होतं, तरी तो घटाघट प्यायला आणि सगळं ओकला. मोटारसायकलवाला भेटला, मग ट्रॅक्टर, मग दर्यापूर, मग अमरावती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

तिसऱ्या दिवशी त्याच्या अंगणात माणसं बसलेली. त्याच्या आईनं, म्हणजे अनुसयामायनं मला विचारलं की माह्या लेकाचं काय झालं, नीट सांग. मी म्हणालो, "पाणी कमी पडलं, माय. तीनच बाटल्या होत्या."

शोभावहिनी दारात उभी होती. "म्या चार भरल्या होत्या," ती म्हणाली. एकदाच. कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

त्या दिवसापासून म्हातारीनं सुनेच्या हातचं पाणी घेतलेलं नाही. एकाच घरात राहतात दोघी. भाकरी सुनेच्या हातची चालते, पण पाण्याचा माठ वेगळा. स्वतः नळावरून भरते, उचलवत नाही तेव्हा शेजारणीला हाक मारते. सगळ्या गावाला माहीत आहे. मलाही पहिल्या महिन्यापासून माहीत होतं.

गेल्या हिवाळ्यात एका लग्नात वहिनी हार घेऊन आली. आता धंदा तीच बघते. निघताना तिनं पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. ती सगळ्यांनाच देते, ड्रायव्हरला, वाजंत्र्यांना. पोरं तिची थट्टा करतात. मी नको म्हटलं, तर म्हणाली, "राहू द्या भाऊजी. आता तीनदा मोजल्याबिगर मन मानत नाई. तवा मोजल्या असत्या तं..."

म्हणजे तिलाही आता वाटत होतं की तीनच भरल्या होत्या. चार भरल्याचं तिला पक्कं आठवत होतं, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ते तिच्या डोक्यातून काढून टाकलं होतं.

त्या दिवशी ठरवलं. ती लाईन पूर्ण चालायची आणि मग वहिनीला सांगायचं. आधी चालणं कशाला, असं तुम्ही विचाराल. पळवाट होती थोडी, कबूल करतो. पण त्या हॉल्टवर पुन्हा उभं राहिल्याशिवाय माझ्या तोंडून ते निघणार नाही, असंही वाटत होतं.

यंदा मार्चच्या पहिल्या आठवड्यात निघालो. एकटाच, वय त्रेपन्न. कॅमेरा, तीन पाय असलेला स्टँड आणि दोन-दोन लिटरच्या चार बाटल्या. स्वतः भरल्या, झाकणं पिळून बसवली, बॅग वजनकाट्यावर ठेवली. खांद्याला आठ किलो पाणी काय असतं, ते मैलभर गेल्यावर कुणालाही कळतं.

सव्वाबारानंतर हॉल्टवर पोचलो. खोलीचं छप्पर गेलेलं. बोर्ड आता नुसता पांढरा, अक्षर म्हणून एक ओळखू येत नव्हतं. मी मनाशी पक्कं केलं होतं की पाण्याचा एक थेंब वापरायचा नाही. जसा आहे तसा घ्यायचा. सावली सरकेपर्यंत थांबलो. स्टँड लावला, उजेड कमी-जास्त करत बारा फोटो काढले. आजूबाजूला माणूस नाही, जनावर नाही. कापूस वेचून झालेली रानं. मग निंबाखाली बसून स्क्रीनवर बघायला लागलो.

पहिला फोटो कोरडा. दुसऱ्यात बोर्डाचा वरचा भाग गडद. मला वाटलं, उजेडाची सेटिंग. तिसऱ्यात नाव वाचता येत होतं. मोठं करून बघितलं... अक्षरांखालून ओघळ उतरलेले, पाण्याचे. सिमेंटवर ओघळ कसे येतात ते मला ओळखायला शिकावं लागत नाही, मी ते पाच वेळा केलेलं आहे. चौथ्यात वाळत आलेला, पाचव्यात पुन्हा ओला. मी बाराही फोटो दोनदा मोजले. बोर्ड पाच वेळा भिजला होता आणि पाच वेळा वाळला होता.

उठून बोर्डाला हात लावला. तापलेला, तळव्याला चटका बसला. बोटांना पांढरी भुकटी लागली. खालची माती भुसभुशीत, कोरडी, तिच्यावर फक्त माझ्या बुटांचे ठसे.

घसा कोरडा पडला म्हणून बॅग उघडली. पहिली बाटली सकाळी संपलेली, दुसरी अर्धी, तिसरी भरलेली. चौथी रिकामी होती. झाकण घट्ट, मी पिळलं होतं तसंच. बॅग आतून कोरडी, खाली ठेवलेला शर्टसुद्धा कोरडा.

मी भूत-प्रेत मानत नाही, म्हणून तिथंच बसून सगळ्या शक्यता तपासल्या. उन्हानं भान जाऊन मीच ओतलं असेन का? मग माती कोरडी कशी? आणि बारा फोटो मिनिटभरात काढलेले, वेळ कॅमेऱ्यात नोंदलेली आहे. तेवढ्यात पाच वेळा बोर्ड भिजून वाळणं शक्य नाही. नंतर अल्बम छापणाऱ्या ओळखीच्या माणसाला मूळ फाईली दाखवल्या, बाकी काही न सांगता. तो म्हणाला, काही केलेलं नाही यात, ओला बोर्ड आहे, त्यात काय बघायचं?

भीती वाटली का? वाटली. परत फिरावंसंही वाटलं. पण परत फिरलो असतो तर वहिनीला कधीच सांगितलं नसतं, हे मला स्वतःबद्दल माहीत आहे. म्हणून बॅग उचलली. आठवायला लागलं की प्रल्हादनं शेवटपर्यंत मला एकही वाकडा शब्द म्हटला नव्हता. हे त्याचं काम असेल असं मला वाटत नाही. कुणाचं ते मला ठाऊक नाही. उरलेलं पाणी दर्यापूरपर्यंत पुरवलं. दुसऱ्या दिवशी पायाला फोड आले, ते बांधून चाललो. चौथ्या दिवशी अचलपूरला पोचलो.

घरी न जाता सरळ मूर्तिजापूरला गेलो. वहिनी शेवंती तोडत होती. मी सरीच्या या बाजूला उभा राहून सगळं सांगितलं. बोर्ड, पाणी, प्रल्हादला बोललो ते, अंगणात बोललो ते. काही गाळलं नाही.

तिचे हात थांबले. हातातलं फूल तिनं टोपलीत टाकलं. मग म्हणाली, "म्हंजे म्या चारच भरल्या होत्या."

मी म्हटलं, हो.

"चारच भरल्या होत्या," ती पुन्हा म्हणाली, स्वतःशीच. मग विचारलं, "त्याईले माहीत होतं का?"

प्रल्हादला कळलं होतं का, मला खरंच माहीत नाही. टॉवेल तोंडावर होता. तसंच सांगितलं.

मी कॅमेरा काढून तिला फोटो दाखवायला लागलो. तिनं एकच बघितला आणि कॅमेरा माझ्याकडे परत ढकलला. "तुमचा चमत्कार तुमच्यापाशीच ठेवा," ती म्हणाली. "मले सांगून काय होते? मले तं ठाव होतं, तुमीच भुलवलं. मायले सांगा. नऊ वर्सं झाले, तिनं माह्या हातचा घोट नाई घेतला."

मी त्याच पावली घराकडे गेलो. अनुसयामाय ओसरीवर बसली होती. ऐंशीच्या पुढची, दिसतं कमी, पण मी ‘माय’ म्हणताच आवाजावरून ओळखलं. मी पुढे काही बोलायच्या आत ती भिंतीला धरून उठली, आपल्या वेगळ्या माठातून पेला भरला आणि माझ्यासमोर धरला. "पी बाप्पा," म्हणाली. "तूच धावला होतास माह्या लेकासाठी. बाकी कोन होतं तिथं?"

मी प्यायलो. आणि काही न बोलता परत आलो.

त्या बारा फोटोंचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही आणि आता मी ते शोधणंही सोडलं आहे. रिकाम्या बाटलीचंही नाही. कुणाला सुचलं तर कळवा, पण माझं त्यावाचून अडलेलं नाही.

हे टपालात टाकून मी उद्या सकाळच्या गाडीनं मूर्तिजापूरला जातोय. या वेळी ओसरीवर बसणार नाही, पाणी घेणार नाही, आधी बोलणार. माय, शोभानं चार बाटल्या भरल्या होत्या, एक मी बोर्डावर ओतली आणि तुझ्या अंगणात खोटं बोललो... एवढं तिला सांगणं माझ्याकडे बाकी आहे.