जपानी राक्षस आणि ओला टॉवेल
"खिडक्या लावा! दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबा! जावईबापू, हलवा की पाय!" सासरे सोफ्यावरून ओरडत होते आणि जर्मनीतल्या आमच्या एश्बॉर्न गावातले झाडून सगळे धोक्याचे भोंगे त्यांना साथ देत होते. आम्ही दोघं जुना जपानी सिनेमा बघत होतो. अणुबाँबने जागा केलेला डोंगराएवढा राक्षस नुकताच समुद्रातून वर आला होता, आणि अणुभट्टीत तीस वर्षं नोकरी केलेले सासरे "सगळं खापर आमच्यावरच फोडा," म्हणत गाल फुगवून बसले होते. नेमके तेव्हाच बाहेर भोंगे आणि खिशात फोन एकदम किंचाळायला लागले. मी असा धावलो, की तेवढ्यात फ्रँकफर्टला जाऊन परत आलो असतो. घरात खिडक्या पाच, मी निदान अकरा तरी लावल्या. मग पासपोर्ट आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा छातीशी धरून बाथरूममध्ये दडलो. भोंगे थांबल्यावर हळूच दार उघडलं, तर समोरच्या जर्मन आजी जिन्यातल्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. म्हणाल्या, "दरवर्षी असते ही भोंग्यांची चाचणी." आता ओल्या टॉवेलचा वास आला की मला हसू फुटतं, पण तेव्हा मी जाम उखडलो होतो. "अहो बाबा, नुसती चाचणी होती!" "ठाऊक आहे, नातीने कालच शाळेतून आल्यावर सांगितलं होतं," सासरे घड्याळाकडे बघत म्हणाले, "सहा मिनिटं लागली तुम्हाला. आमच्या भट्टीवर चाललं नसतं."