वाऱ्याला अडथळा नको म्हणून

चहा घ्या, पण घोट तोंडात असताना ऐकू नका. हसू आलं तर ठसका लागेल, आणि हसलो म्हणून मागाहून तुम्हालाच वाईट वाटेल. गाढवपणा मी आयुष्यात भरपूर केलाय हो, पण एका सायकलीपायी अख्खं खानदान खरवईत गोळा करणारा माणूस या अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात मी एकटाच असेन!

सुरुवात बाबांपासून. त्यांना हार्ट अटॅक आला. दवाखान्यातून जिवंत घरी आले हेच नशीब. सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "हृदय फार कमजोर झालंय. धक्का बसेल असं काही घरात होऊ देऊ नका." मग माझ्या पोटाकडे बघून म्हणाले, "आणि तुम्हीही जरा हालचाल करा."

झालं! मी सायकल घेतली. साधी नाही, ती शर्यतवाली, वाकड्या शिंगांची. सायकल दारात आली आणि माझ्या अंगात खेळाडूच संचारला. कपडे घ्यायला उल्हासनगर गाठलं. सिंधी दुकानदार म्हणाला, "साईं, ये पहनके निकलो, एकदम फॉरेन लगोगे! बस, आपके साईज में व्हाईट ही बचा है." घेतली पांढरी जर्सी. बुडाला गादी शिवलेली चड्डी घेतली. पेडलमध्ये खटकन अडकणारे बूट घेतले. ते घालून दुकानात चार पावलं चाललो, तर दुकानदाराने मला धरलं!

आणि वाचन? ते तर विचारूच नका. सायकल अजून धड चालवता येत नव्हती, पण उशाशी पुस्तकांची चळत. माणूस पोहायला शिकण्याआधी समुद्रावर व्याख्यान देतो ना, तसा मी ऑफिसात सायकलीवर बोलत होतो. एका पुस्तकात तर वाऱ्यावर अख्खं प्रकरण होतं. वारा म्हणे केसाकेसात अडकतो आणि आपल्याला मागे खेचतो. म्हणून मोठे मोठे शर्यतवाले पायांवरचे केस काढून टाकतात.

मी विचार केला, पायांवर एवढा वारा अडतो, तर डोक्यावर किती अडत असेल? आणि मिशीवर?

माझी मिशी साधीसुधी नव्हती हां! आमच्या लग्नाच्या फोटोत आधी मिशी दिसते, मग नवरी. त्या आठवड्यात माझी बायको, अंजली, बाबांची सेवा करायला बदलापूरजवळ खरवईला आई-बाबांकडे राहिली होती. ती घरी असती तर वस्तरा माझ्या डोक्यापर्यंत पोचलाच नसता.

पाय मी घरीच उरकले आणि शुक्रवारी संध्याकाळी सलूनमध्ये जाऊन बसलो. "पूर्ण काढ. मिशीसकट."

एरवी त्या न्हाव्याचं तोंड कात्रीपेक्षा जास्त चालतं. त्या दिवशी त्याने गाणं बंद केलं. रांगेतल्या लोकांनी मला पुढे सोडलं. काम झाल्यावर त्याने माझ्यापुढे हात जोडले, पैसेही घेईना. मी मनात म्हटलं, वा! खेळाडूंना केवढा मान!

हो हो, तुम्हाला कळलं. न्हाव्याला कळलं, रांगेतल्यांना कळलं. आपल्याकडे चाळिशी उलटलेला माणूस डोकं आणि मिशी एकदम कधी उतरवतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला नाही कळलं. माझ्या डोक्यात फक्त वारा होता.

शनिवारी सकाळी निघालो, बाबांना सायकल दाखवायला. अंबरनाथहून खरवई ती काय लांब? पण चिखलोलीजवळ चाक पंक्चर! ते कसं काढायचं, हे मी तीन पुस्तकांत वाचलं होतं. एकही उपयोगी पडलं नाही. त्या खटक्याच्या बुटांनी चालता येईना, म्हणून बूट काढून हँडलला लटकवले. उकडत होतं म्हणून हेल्मेटही.

आता चित्र बघा. पांढरे कपडे, तुळतुळीत डोकं, मिशी गायब, अनवाणी पाय, धुळीने लाल झालेले डोळे, आणि सायकल ढकलत बदलापूरच्या दिशेने चाललेला मुलगा!

समोरून रिक्षा आली आणि कचकन थांबली. आत सुलभामावशी, माझ्या आईची धाकटी बहीण. बदलापूरहून अंबरनाथच्या देवळात निघाली होती.

"अरे विनू!" तिने तोंडाला पदर लावला. "चालत? आणि अनवाणी?"

"काय करणार मावशी. इलाज नाही. बाबांकडेच चाललोय."

ती खाली उतरली, माझा खांदा दाबला. मग कसंबसं म्हणाली, "आता ताईला तूच सांभाळ."

"सांभाळतोय की!" मी म्हटलं. पंक्चरचं एवढं काय घेऊन बसली ही? पण मावशी पहिल्यापासूनच हळवी.

तिने रिक्षा तिथूनच मागे वळवली. वाटेत आईला फोन लावला, बंद. अंजलीला लावला, तोही बंद. झालं, मावशीची खात्री पटली. नातेवाइकांच्या ग्रुपवर बातमी गेली. माझाही फोन खणखणत असणार, पण तो मी बंद ठेवला होता. का? तर चालवताना सगळं लक्ष श्वासावर हवं, असं पुस्तकात लिहिलं होतं!

पंक्चरवाला सापडला, त्याने चाक काढेपर्यंत मी मिसळ खाल्ली. खाल्ली हो, काय लपवायचं! मग बूट चढवून ऐटीत सायकलवरून बाबांच्या गल्लीत शिरलो.

दारासमोर गर्दी. पांढरे कपडे. घराला कुलूप. भिंतीला बांबू टेकवलेले. शेजारच्या बाळारामकाकांच्या हातात मडकं. मावशी पायरीवर बसून रडत होती, आणि तिच्याशेजारी पिठलं-भाताचे डबे.

आयुष्यात तेवढा मी कधीच घाबरलो नव्हतो. बाबा गेले! आणि मी मिसळ खात होतो!

पेडलमधला पाय निघाला नाही, सायकलसकट आडवा झालो, आणि तिथेच पडल्या पडल्या जो हंबरडा फोडला! माझं बघून राहिलेल्या बायकाही रडू लागल्या. बाळारामकाकांनी मला उठवलं. "उगी पोरा, उगी. हॉस्पिटलातून कवा आणणार हाय?"

"मला काय माहीत!" मी ओरडलो. "मला कोणी सांगितलंच नाही!"

"तुला नाय सांगितला? मग डोकं कोनाचं काढलंस?"

तेवढ्यात रिक्षा आली. आधी अंजली उतरली. मग आई. मग दोघींच्या हातांना धरून, सावकाश, बाबा.

तपासणीला गेले होते हो! दवाखान्यात फोन बंद ठेवायला सांगतात, म्हणून बंद.

बाबांनी बांबू बघितले. बायका बघितल्या. बाळारामकाकांनी मडकं पाठीमागे नेलं.

"लपवू नको," बाबा म्हणाले. "दिसलं मला."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. पायांपासून डोक्यापर्यंत. "मिशी कुठाय?"

"बाबा, ते... वाऱ्याला अडथळा होतो."

आईने कपाळावर हात मारून घेतला. बाबा पायरीवर बसले आणि त्यांनी छातीवर हात ठेवला. मी मनात देवाला म्हटलं, मला ने, आत्ताच्या आत्ता ने, पण हे नको. बाबांनी पाणी मागितलं. प्यायले. मग म्हणाले, "डबे उघडा. भात गार होईल."

आणि स्वतःच्या सुतकाचा पिठलं-भात त्यांनी स्वतः खाल्ला. चव कशी आहे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही.

त्यांना तेव्हा काही झालं नाही. पण ते पुन्हा गल्लीत फिरायला निघाले नाहीत. "या लोकांनी मला एकदा पोचवलंय," म्हणायचे, "आता परत कुठे तोंड दाखवू?" हसत म्हणायचे, पण उंबरा ओलांडायचे नाहीत. मला फार लागायचं ते.

पावसाळा संपता संपता, एका पहाटे झोपेतच बाबा गेले. डॉक्टर म्हणाले, हृदयच थकलं होतं, कोणाचा दोष नाही. मी ऐकून घेतलं.

माझ्या डोक्यावर तेव्हा जेमतेम बोटभर केस आले होते. पहिला फोन सुलभामावशीला लावला. "मावशी, बाबा गेले," एवढंच बोललो आणि मला रडू कोसळलं. चांगला मोठ्याने रडत होतो.

मावशीने माझं रडणं पूर्ण ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "विनू, फोन जरा अंजलीकडे दे."