कुमारच्या दाढीचा सत्कार

कुमार शेलारचा जगात दोघांवर पक्का विश्वास होता: एक मारुतीराया आणि दुसरे गाडीचे कागद. पडघ्याच्या अलीकडच्या गावातला हा साधा माणूस केसरीनाथशेठचा टेम्पो चालवायचा. निजामपुऱ्याच्या मुसलमान वस्तीतल्या मागांवरून कापडाचे तागे भरायचे आणि पडघ्याच्या गोदामात उतरवायचे, एवढंच काम. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी सगळं एका प्लॅस्टिकच्या फायलीत. दसऱ्याला टेम्पोबरोबर त्या फायलीलाही हळदकुंकू लागायचं.

शेठचा दुसरा टेम्पो अश्फाक चालवायचा. अश्फाकला दाढी होती आणि बायपासच्या नाक्यावर त्याची गाडी हटकून बाजूला घेतली जायची. कुमार त्याला शहाणपण शिकवी, "कागद बराबर ठेव रं. मला कुनी का आडवत न्हाय?" एकदा तर त्याने अश्फाकला तसलीच एक फाइल स्वखर्चाने आणून दिली. "शुक्रिया, कुमारभाय," म्हणून अश्फाक हसला. तो का हसला, हे काही कुमारच्या डोक्यात शिरलं नाही.

मग श्रावण आला. शेलारांच्या घरात कर्त्या पुरुषाने श्रावण धरायचा: महिनाभर मासळी-मटण बंद, बाटली बंद आणि गालाला वस्तरा बंद. सावळारामबाबांनी जन्मभर धरला. यंदा छातीत कळ येऊन गेली आणि डॉक्टरांनी उपास बंद केले, तेव्हा बाबांनी कुमारला समोर बसवलं. "औंदा तू धर. मोडलास त घरात पाय ठेवू नको." कुमारने मान डोलावली. बाटलीचं जरा जड गेलं, पण दाढीचं काय, ती आपोआप वाढते!

वाढली. झकास वाढली. मिशी देताना मात्र देवाने हात आखडता घेतला होता, त्यामुळे गालावर जे काही उगवलं ते थेट निजामपुऱ्याचं वाटू लागलं. ज्या हवालदाराने वर्षभर कुमारकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, त्याला आता कुमारची फार गोडी लागली.

"किधर का है?"

"पडघ्याचा, साहेब."

"उससे पहले किधर का?"

"त्याच्या आदी आयच्या पोटात व्हतो," कुमार म्हणाला. ते खरंच होतं, पण त्या खरेपणापायी त्याचे सगळे तागे रस्त्यावर उतरवले गेले.

कुमारने श्रद्धेने फाइल पुढे केली. हवालदाराने लायसन्सवरचा गुळगुळीत चेहरा पाहिला, मग समोरचा पाहिला आणि विचारलं, "अबे, ये किसका चुराया?" श्रावण आहे म्हणून सांगितलं, तर तो म्हणाला, सणवार पाठ करून येतात हल्ली. दुसऱ्या दिवशी कुमारने कपाळाला टिळा लावला, काचेवर गणपती चिकटवला, भगवा झेंडा लावला. हवालदार टेम्पोभोवती प्रदक्षिणा घालून म्हणाला, "अबे, इतना लगाया है मतलब पक्का कुछ छुपा रहा है." तागे पुन्हा खाली.

माल रोज उशिरा पोचू लागला. केसरीनाथशेठ भडकले. "दाढी काड, न्हायतर चावी ठेव." घरी बाप उंबऱ्यात बसलेला, इकडे शेठ चावी मागणारा. दाढी ठेवली तर पोट जाणार, काढली तर घर जाणार. शेवटी आईने, गुणाबाईने, तोडगा काढला. "आरं, तोंडाला रुमाल बांद. दिसलीच न्हाय त कोन इचारतंय?"

आईची माया थोर, पण पोलिसी नजरेला त्या मायेने भलतंच दिसलं. तोंड बांधलेला आणि रुमालाखालून दाढी डोकावणारा माणूस कागद काढायला सीटखाली हात घालतो म्हटल्यावर नाक्यावर एकच गलका झाला. कुमारला खाली ओढलं. पहिली काठी पाठीवर, दुसरी गुडघ्यावर, आणि तोंड वाचवायला वर केलेल्या हातावर तर किती बसल्या ते त्यालाही कळलं नाही. "कागद हायती, कागद हायती," एवढंच तो ओरडत होता. फाइल चिखलात पडली होती आणि तिच्यावर एकाचा बूट होता. हे लिहितानाही माझ्या अंगाची लाही होते.

मागून अश्फाकचा टेम्पो येत होता. त्याने पाहिलं. आपण मध्ये पडलो तर काठ्या दोघांत वाटल्या जातील, कमी होणार नाहीत, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं. त्याने शेठला फोन लावला. शेठ गाडी दामटत आले आणि ओरडले, "आरं, काय करताय? ह्यो आपला कुमार हाय!"

काठी हवेतच थांबली. खुर्ची आली, चहा आला. हवालदार मराठीत आला, 'अबे'वरून 'अहो'वर आला. "चुकून लागलं हो. आधी सांगायचं नाही का?"

आता केसरीनाथशेठला धर्म आठवला. परवापर्यंत जी दाढी काढायला सांगत होते, तीच आता गावाची अब्रू झाली. "श्रावणातल्या दाढीवर काठी? मोर्चा काडतो!" बॅनर छापायला गेला. मोर्चाच्या भीतीने दोन दिवसांत नाक्याचे साहेब स्वतः गोदामात आले, शाल आणि श्रीफळ घेऊन. चुकून मार खाल्ल्याबद्दल आमच्या तालुक्यात झालेला हा पहिलाच सत्कार असावा. कुमारची नोकरी राहिली, दाढी राहिली. सावळारामबाबा पुढच्या खुर्चीत डोळे पुसत होते.

कुमारचा एक हात गळ्यात बांधलेला, म्हणून शाल नीट बसेना. दोन शब्द बोल, असं शेठ म्हणाले. तो उठला.

"साहेब, तुमचा हवालदार म्हनतो, मार चुकून मला लागला. मंग तो कोनासाठी व्हता?"

कुमारने घसरणारी शाल सावरली.

"ज्याच्यासाठी व्हता त्याला बी शाल द्या. तो बारा म्हयने खातो. तो बगा, तिकडं तागे रचतोय."

सगळ्या माना अश्फाककडे वळल्या. साहेबांचीही वळली, आणि जरा जास्त वेळ तिथेच राहिली. अश्फाकने हातातला तागा खाली ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "कुमारभाय, बस करो. कल मेरे को उसी नाके से गाडी निकालनी है."

कुमार खाली बसला. त्याला पहिल्यांदाच लाज वाटली, आणि ती मार खाल्ल्याची नव्हती.

श्रावण संपला. कुमार तुळतुळीत होऊन स्टिअरिंगवर बसला. नाक्यावर हवालदाराने लांबूनच हात केला, "या शेलार, जाऊ द्या!" कुमारने गाडी पुढे घेतली आणि आरशात पाहिलं. मागचा टेम्पो बाजूला घेतला होता. अश्फाक खाली उतरून फाइल पुढे करत होता, कुमारने दिलेलीच. तिच्यातले कागद अगदी चोख होते.