आधी चव, मग नाव

माझी बायको रोज दुपारी एक वाजता मरायला तयार असायची. चढवून सांगत नाही. आमच्या शाळेत ती खिचडी शिजवायची. नियम असा की शिजवणारीनं आधी खायचं, अर्धा तास थांबायचं, मग पाळीवरच्या मास्तरनं चाखायचं, दोघांनी 'चव रजिस्टर' नावाच्या वहीत सही करायची, आणि त्यानंतर पंगत. कुठं कुठं या सह्या महिन्याच्या शेवटी एका बैठकीत होतात, हे मला ठाऊक आहे. आमची बाई मात्र गरम खिचडी डाव्या तळहातावर घ्यायची, फुंकून खायची आणि भिंतीला पाठ लावून अर्धा तास बसून राहायची. एखादं पोट्टं कुरकुरलं, "मावशी, वाढ ना वं, भूक लागली," की म्हणायची, "थांब ना बाप्पा. काही असन तं पह्यले मी मरीन, मंग तू खाय." लेकरं खिदळायची. तिला चवमावशी म्हणायची.

रजिस्टरात ती सहीच्या जागी एक गोल काढायची. मी म्हटलं, "अंगठा दे, सोपा पडते." तर म्हणे, "अंगठा चोराचा घेतेत." अक्षर एक येत नव्हतं, पण गोल असा काढायची की भाकरी थापली वाटावी.

मी त्याच शाळेत शिपाई. शिक्षण चौथी. घंटा देणं, टाकी भरणं, खोल्या झाडणं, आणि व्हरांड्यातल्या काचेचं दार असलेल्या फळ्याची किल्ली सांभाळणं. त्या फळ्यावर पोरांनी लिहिलेलं दर शनिवारी लागायचं. भित्तिपत्रक म्हणत. मराठीचे मास्तर कागद निवडायचे, मी ते टाचण्यांनी लावायचो. शाळा सुटली की ही हात पुसत यायची आणि पायरीवर बसायची. म्हणायची, "वाचा." मी बोट ठेवून वाचायचो. जोडाक्षर आलं की अडायचो, तर ओरडायची, "बैलावानी मधातच काहून थांबता? हाकला पुढं."

तिचा कान पक्का होता. एका पोरानं समुद्राची कविता लिहिली. लाटा, शिंपले, चंद्र, सगळं होतं. ऐकून म्हणाली, "हे याच्या घरचं नाही. यानं पूस नदीच्या पुढं पाणी पाह्यलं काय? दुसऱ्याच्या चुलीवरचं आणून वाढलं यानं." दुसऱ्या एका पोरीनं आपल्या लंगड्या बकरीवर आठ ओळी लिहिल्या. त्या तिनं माझ्याकडून तीन वेळा वाचून घेतल्या आणि सोमवारी त्या पोरीच्या ताटात खिचडीची खरपुडी, म्हणजे तळाला लागलेला खमंग थर, वाढली. खरपुडी हे तिचं बक्षीस. पण आवडलं असो की नसो, मधून कधी उठली नाही. अर्ध्यातच मी काही शेरा मारला की म्हणायची, "आधी चव, मंग नाव. पुरं खाल्ल्याशिवाय नाव ठेवू नये."

आता ते साल सांगतो. बोंडअळीनं कपाशी पोखरली होती, म्हणून लोक जहाल औषधं एकमेकांत मिसळून फवारत होते. डोक्यापर्यंत वाढलेल्या कपाशीत माणूस शिरायचा आणि फवारा त्याच्याच तोंडावर यायचा. गावोगावची माणसं यवतमाळच्या दवाखान्यात पडली. काही परत आली नाहीत. आमच्या गावातल्या पायलचा बाप परत आला, पण डोळे अधू होऊन. पायल नववीत होती. हडकुळी, बोलायला कमी. बाप दवाखान्यात होता तेव्हा तिच्या घरी चूल धड पेटत नव्हती. खिचडी आठवीपर्यंतच्याच लेकरांना, तरी माझी बायको तिला भांडी घासायच्या निमित्तानं थांबवायची आणि जेवू घालायची.

त्या पायलनं गोष्ट लिहिली. नाव 'टाकी'.

मराठीचे मास्तर त्या आठवड्यात प्रशिक्षणाला गेले होते. जाताना कागदांची थप्पी माझ्या हातात देऊन गेले, "लावून टाका." टाचण्या संपल्या होत्या. मी मैद्याची खळ केली आणि कागद फळ्याला चिकटवून टाकले. पायलच्या कागदाला खळ लावताना मागच्या बाजूला लिहिलेलं मला दिसलं होतं. खाली बारीक अक्षरात 'मागे पहा' होतं, तेही दिसलं होतं, आणि ते चौकटीच्या पट्टीखाली गेलं. मी म्हटलं, असेल काहीतरी कच्चं. त्या शनिवारी फुलसावंगीला बाजाराला जायची घाई होती. बायकोला वाचूनही दाखवलं नाही.

सोमवारी सकाळी एका पालकानं ती गोष्ट वाचली. गोष्टीत एक मुलगी आहे. तिच्या बापाचे डोळे फवारणीनं गेलेत. शाळेत मोठे लोक येतात आणि हातमोजे घाला, तोंडाला फडकं बांधा, असं भाषण ठोकतात. सगळे टाळ्या वाजवतात. त्या मुलीला राग येतो. ती घरून फवारणीच्या औषधाची बाटली आणते, शिडीनं शाळेच्या गच्चीवर चढते. तिथं टाकी आहे. पानाची शेवटची ओळ, 'तिने टाकीचे झाकण उघडले.'

पालकानं मोबाईलवर फोटो काढला. तासाभरात तो गावभर झाला. बाया धावत आल्या आणि आपापली लेकरं हाताला धरून घेऊन गेल्या. हेडसरांनी नळाच्या तोट्या सुतळीनं बांधायला लावल्या, खिचडी थांबवली आणि संस्थेच्या अध्यक्षांना बोलावलं.

हेडसर वाईट माणूस नव्हता. लोक आज त्याला नावं ठेवतात, मी ठेवत नाही. चारशे लेकरं त्या टाकीचं पाणी पीत होती, आणि औषध तर प्रत्येक घरी, पलंगाखाली, कोनाड्यात. त्या साली मरण कुठून येईल याचा भरवसा कोणालाच नव्हता.

हेडसरांच्या खोलीत पायलला समोर उभं केलं. मी चहाचा ट्रे घेऊन दाराशी होतो.

अध्यक्ष म्हणाले, "हे तू लिहिलं?"

"हो जी."

"घरी औषध हाय?"

"हाय जी." कोणाच्या घरी नव्हतं! अध्यक्षांच्या स्वतःच्या घरी गोठाभर होतं.

"गच्चीवर चढता येते तुले?"

"येते."

"पाहा सर," अध्यक्ष म्हणाले. "कबूलच करून राह्यली. दाखला द्या हातात आणि ठाण्यात फोन लावा. उद्या खरंच टाकलं तं कोण जबाबदार?"

दाखला म्हणजे काय ते आमच्या गावात सगळ्यांना समजतं. त्यावर शेरा पडला की दुसरी शाळा घेत नाही. शाळा सुटली की पोरीचं लग्न. पायलच्या मामानं एक स्थळ पाहूनही ठेवलं होतं. पायाच्या अंगठ्यानं ती फरशी उकरत होती. पुढं काय झालं ते तिला कोणी विचारत नव्हतं, आणि विचारल्याशिवाय बोलायची तिला सवय नव्हती. मागच्या बाजूला लिहिलेलं आहे, हे त्या खोलीत दोघांना माहीत होतं. एक ती आणि एक मी. मी बोललो नाही. नोकरीची चार वर्षं उरली होती. चूक माझी निघाली असती. खरं ते लिहितो, भ्यालो.

तेवढ्यात माझी बायको आत आली. हाताला राख तशीच. हेडसरांना म्हणाली, "सर, पोरीनं पाण्यात काही टाकलं काय?"

"टाकलं की नाही कोणाला ठाऊक, मावशी? लिहिलं तर आहे."

"लिहिलंच ना?"

अध्यक्ष चिडले. "तुले वाचता येत नाही, तू कायले मधात पडतं?"

"वाचता येत नाही म्हणूनच पुसून राह्यली, भाऊ. तुमाले तं येते. तुमी पुरं वाचलं?"

ती बाहेर व्हरांड्यात गेली. तोटीची सुतळी दातानं सोडली, गडवा भरला आणि सगळ्यांच्या समोर घटाघटा प्यायली. माझ्या हातातला ट्रे खाली पडला. चार कप फुटले. हेडसर खुर्चीवरून उठून "मावशी! मावशी!" करत धावले. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पायरीवर जाऊन बसली, रोज खिचडी खाऊन बसायची तशी.

"घेतली चव," ती म्हणाली. "आता नेमापरमाणं अर्धा घंटा थांबा. मी मेली तं लावा फोन. तवलोक पोरीले पुसा, झाकण उघडल्यावर काय केलं तिनं."

घड्याळाकडे पाहत सगळे उभे. मी तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणालो, "अवं, याड लागलं काय तुले?" तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. हेडसर पायलजवळ गेले आणि मऊ आवाजात म्हणाले, "बेटा, पुढं काय होतं?"

पायल रडायला लागली. म्हणाली, "मागच्या बाजूले लिहिलं हाय, सर. काकांनं चिकटवलं."

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. बायकोचेही. मी मान खाली घातली. म्हणालो, "हो सर. मले दिसलं होतं."

फडकं ओलं करून मी तो कागद सोडवायला लागलो. माझीच खळ, चिवट निघाली. मागची शाई पसरून अर्धी अक्षरं फळ्यालाच राहिली. म्हणून पायलनं तोंडानंच सांगितलं. तिच्या गोष्टीतली मुलगी झाकण उघडते, बाटली उचलते. मग तिला आठवतं की या पाण्याची खिचडी पहिल्यांदा कोणी मोठा माणूस खात नाही. पहिल्यांदा मावशी खाते. मोठे लोक खातच नाहीत, ते भाषण करून गाडीत बसतात. ती झाकण लावते, खाली उतरते आणि बाटली त्या भाषणाच्या टेबलावर नेऊन ठेवते. म्हणते, 'हातमोजे तुम्ही घाला आणि एकदा वास घ्या.' संपली गोष्ट.

माझी बायको पायरीवर बसल्या बसल्या पदर डोळ्याला लावत होती. अध्यक्ष म्हणाले, "मंग असं सांगाले पायजे होतं ना पह्यलेच. झाकण लावलं तं मिटलं."

ती तिथूनच बोलली, "आन् नसतं लावलं तं? गोष्टच व्हती ना थे? तिच्या पोटात जे जळून राह्यलं थे कागदावर उतरलं. कागदावर नाही उतरू देणार तं मंग कुठं उतरन, भाऊ?"

अर्धा तास झाला. ती उठली, हात धुतले आणि चुलीकडे गेली. दाखला लिहिला गेला नाही. ठाण्यात फोनही गेला नाही. पण हेडसरांनी काचेच्या फळ्याला कुलूप घालायला लावलं आणि किल्ली माझ्याकडून घेतली. त्यानंतर त्यावर सुट्ट्यांची यादी आणि सरकारी परिपत्रकं लागली. पायलच्या गोष्टीची उलटी निळी अक्षरं फळ्यावर होती, त्यांच्यावरच.

मला वाटलं होतं घरी गेल्यावर ती मला शिव्या देईल. नाही दिल्या. भाकरी वाढली आणि एवढंच म्हणाली, "तुमीनं चव घेतल्याशिवाय वाढलं." एवढ्या वर्षांच्या संसारात ती मला त्याहून कडू बोलली नाही.

फळा बंद झाला, पण शनिवार बंद झाला नाही. पायल वही घेऊन खिचडीच्या खोलीत यायची. तिच्या मागून ती बकरीवाली पोरगीही आली, मग आणखी दोघी. त्या वाचायच्या आणि मावशी तांदूळ निवडत ऐकायची. मी दाराशी बसायचो. मला तिथं वाचायला कोणी सांगत नव्हतं, आणि ते बरोबरच होतं.

पायल बारावी झाली, आता यवतमाळला शिकते. माझी बायको गेली त्याला पाच महिने झाले. पोटाचा आजार होता. रोज दुसऱ्यांसाठी चव घेणाऱ्या बाईला शेवटी पाणीसुद्धा कडू लागत होतं. यवतमाळच्या दवाखान्यात अकरा दिवस होतो. पायल रोज संध्याकाळी यायची, काही ना काही वाचायची. एक दिवस तिची परीक्षा होती, ती आली नाही. ही मला म्हणाली, "तुमी वाचा."

त्या फळ्यानंतर पहिल्यांदा म्हणाली. माझ्याजवळ वाचायला काही नव्हतं. गोळ्यांच्या डब्यात घडी केलेला कागद असतो, तो उघडला. बारीक छापील अक्षरं. मी बोट ठेवून वाचत गेलो, अडत गेलो. दिवसातून दोनदा. जेवणानंतर. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. तिनं डोळे मिटले होते. मला वाटलं झोप लागली, म्हणून मी कागद घडी करायला घेतला.

"पलटवा," ती म्हणाली. "मागं पाहा."

मी पलटवला. मागं सगळं इंग्रजीत होतं, मला एक अक्षर येत नव्हतं. मी म्हटलं, "काही नाही वं, कोरं हाय." खोटं बोललो. तिला ते कळलं असावं. थोडी हसली आणि म्हणाली, "बरं, पाह्यलं तं खरं."

हे लिहून काढा म्हणून पायलनंच मला वही आणून दिली. घरात आता लाइटचं बिल येतं, लग्नाची पत्रिका येते, दुकानातून साखरेची पुडी येते. वाचून झालं की मी कागद उलटा करून पाहतो. बहुतेक वेळा मागं काही नसतं. तरी पाहतो.