चांगला पाय आधी

ही फजिती सांगू की नको, असं दोन वर्षं चाललंय माझं. पण आता चहा ओतलाच आहे, तर ऐका.

शहागंजच्या मागच्या गल्लीत माझा दवाखाना. दुखापत झालेले खेळाडू येतात. कुणाचा सांधा किती वाकतो, स्नायूत किती जोर उरलाय, ते मी तपासते. ऐकायला बरं वाटतं हो. प्रत्यक्षात दिवसभर लोकांचे पाय उचलायचे आणि संध्याकाळी स्वतःचे ओढत घरी न्यायचे.

त्यात खेळाडू खोटं बोलतात. मैदानावर परतायचं असतं ना! दात आवळून "दुखत नाय" म्हणतात. शेवटी वैतागून मी नियमच केला: मी विचारल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही.

त्या दिवशी पिशोरची कोमल आली, खो-खो खेळणारी. तीन महिन्यांपूर्वी तिचा उजवा गुडघा दुखावला होता, तेव्हापासून उपचार माझ्याकडेच. दुसऱ्या दिवशी सकाळी जिल्ह्याच्या संघाची निवड, आणि 'खेळायला हरकत नाही' अशी माझी चिठ्ठी असल्याशिवाय तिला मैदानात घेणार नव्हते. सोबत तिचे चुलते, तात्या. सकाळपासून माझे किती गुडघे झाले होते ते विचारू नका. या दोघांना दोन तास बाहेर थांबावं लागलं, तेही बाकं भरलेली असताना.

एकदाची हाक मारली, तर पोरगी तात्यांचा खांदा धरून लंगडत आत. मनात म्हटलं, गेली हिची निवड.

"मॅडम, तिचा..." तात्या बोलू लागले.

"तात्या, नियम."

तात्यांनी तोंड मिटलं.

आमच्या कामात चांगला पाय आधी तपासतात. दुखरा किती मागे आहे, ते त्याच्याशी ताडून ठरतं. बुटक्या पलंगाशेजारी मी उकिडवी बसले आणि तिच्या डाव्या पावलावर हात ठेवला.

"पाऊल वर ओढ. मी खाली दाबते, तू दाबू देऊ नको."

पाऊल हलेचना. हातात ओलं फडकं धरावं तसं लागत होतं. मी टाचणी टोचली.

"कळतंय?"

"नाय."

आणि हा चांगला पाय, बरं का! मला घाम फुटला. तीन महिने मी गुडघा कुरवाळत बसले आणि तिकडं कंबरेतली नस दबली की काय? कोमलने शाळेतल्यासारखा हात वर केला.

"थांब गं," मी म्हणाले. "तात्या, उद्याचं विसरा. मणक्याचा एमआरआय करावा लागेल."

"अवो, दवाखान्यात येताना पोरगी धड चालत आली की."

"अचानकच होतं हे."

बसल्या जागेवरूनच मी ओळखीच्या मणक्याच्या डॉक्टरांना फोन लावला, सगळं रंगवून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळची वेळही घेतली. फोन ठेवला तेव्हा कोमलचे डोळे भरले होते. हात अजून वरच.

"बोल बाई."

"मॅडम, पाय झोपलाय."

"म्हणजे?"

"उजवा दुमडून बसू नको म्हनल्या व्हत्या तुमी. मंग भायेर खाली फरशीवर त्यो लांब केला अन् दोन तास डाव्यावर बसले. आता मुंग्या यायल्यात."

"अगं, मग सांगायचं नाही आधी?"

"तुमचा नियम."

तात्या भिंतीकडे बघत म्हणाले, "मी सांगायलो व्हतो."

थोड्या वेळाने त्याच डाव्या पायाने मला जवळजवळ उलथवलंच. उजवाही पूर्ण वाकला, जोरही तसूभर कमी नाही. डॉक्टरांना पुन्हा फोन करून "पाय जागा झाला" हे कोणत्या तोंडाने सांगितलं, माझं मलाच माहीत. त्यांचं हसू काही थांबेना. मला मात्र रडू येत होतं, इतकी दमले होते. मांडीवर कागद ठेवून चिठ्ठी लिहिली आणि द्यायला उठले.

उठले कसली! एवढा वेळ उकिडवी बसलेली मी. उजवा पाय नाहीच. धपकन तात्यांच्या चपलांवर.

"अगं, माझा..."

कोमलने आधी माझ्या हातातली चिठ्ठी अलगद काढून घेतली. मग खाली बसून माझं पाऊल धरलं.

"मॅडम, बोलायचं नाय. पाऊल वर ओढा."