कुत्र्याचा पट

आमच्या घरात सुनेचा आवाज ओसरीपर्यंत येत नाही, हे मी चार माणसांत मिशीला पीळ देऊन सांगत असे. पोराच्या लग्नाला चार वर्षं झाली होती, पण माझ्यासमोर तिनं तोंडातून एक अक्षर काढलं नव्हतं. जेवण तयार झालं की स्वयंपाकघराच्या दाराची कडी वाजायची, मग मी उठून पाटावर जाऊन बसायचो. काही निरोप असला तर ती सासूला सांगायची, सासू मला सांगायची. मला वाटायचं, याला म्हणतात रीत, याला म्हणतात मान.

मी शंकरपटाचा धुरकरी. म्हणजे आमच्याकडं बैलांची शर्यत लागते, तिच्यात गाडीवर उभा राहून जोडी हाकणारा. माझी जोडी सुटली की माझी आरोळी दुसऱ्या गावाच्या शिवारात ऐकू जायची. लोक म्हणायचे, याच्या आवाजानंच बैल पळतात, हातातली टोचायची पराणी नुसती दाखवायला आहे. ती दाखवायला नव्हती, ते बैलांना माहीत होतं. भोंग्यावर माझं नाव पुकारलं की मैदान उठून उभं राहायचं. मग कोर्टाची बंदी आली अन् पट बसले. त्याच वर्षी पोराचं लग्न झालं अन् तो गोंदियाला राइस मिलमध्ये कामाला लागला, आठवड्याला घरी यायचा. बैल नांगराला गेले. माझा आवाज मात्र होता तसाच राहिला. तो वापरायला जागा नाही, तर मग घरातच वापरला. दुसरं का करणार होतो?

आमची तांबडी कुत्री घरात कशी आली तेही आधीच सांगून टाकतो, कारण ती गोष्ट मी तेव्हा हसू आणायला सांगायचो. सून नवी होती, महिनाही झाला नव्हता. वरणात मीठ जास्त पडलं. मी ताट उचललं आणि भिरकावलं. ते तिच्या अंगावरून जाऊन अंगणात पडलं. कुठून तरी आलेलं एक तांबडं पिल्लू कुंपणाशी बसलं होतं, ते धावत आलं, सांडलेला भात चाटूनपुसून खाल्ला आणि परत गेलंच नाही. टपरीवर मी सांगायचो, "एका ताटात दोन कामं झाली बे! सुनेले मीठ समजलं अन् घराले कुत्री भेटली." लोक खो खो हसायचे. मीही हसायचो.

लग्नाला चार वर्षं झाली त्या साली धानाची मळणी आटोपली होती. म्हशीच्या कासेला सूज आली म्हणून मी गोरेगावच्या गुरांच्या दवाखान्यात औषध आणायला गेलो. समोर कोणीच नाही. मागच्या मोकळ्या जागेत गेलो तर डॉक्टर मॅडम पळून राहिल्या होत्या. सलवारीवर बूट घातलेले, आणि शेजारून त्यांचा काळा-पांढरा कुत्रा. समोर आडव्या काठ्या लावल्या होत्या, कुत्रा त्यावरून उड्या मारत गेला. एका कापडी बोगद्यात घुसला, दुसरीकडून निघाला. ओळीनं रोवलेल्या काठ्यांमधून, वेणी घालावी तसा, एक डावी एक उजवी करत सुटला. गळ्यात दोर नाही. बाईंच्या हातात काठी नाही. आणि तोंडातून आवाज नाही! मी तिथंच खांबासारखा उभा राहिलो.

"मॅडम, याले कोनी मारत नाही का?"

"कशाला मारायचं, काका?"

"मंग हा पळते काऊन?"

"आवडतं म्हणून," त्या म्हणाल्या.

हात्तीच्या! आवडतं म्हणून पळते! तीस वर्षं मी बैल पळवले, त्यांना आवडतं का हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मॅडम नागपूरकडून बदलून आल्या होत्या. त्यांनी सांगितलं, या खेळाला अॅजिलिटी म्हणतात, मोठ्या शहरांत याच्या स्पर्धा होतात, आणि गावठी कुत्र्यालाही तो तितकाच येतो. दोन महिन्यांनी बाजाराच्या मैदानात पशुप्रदर्शन होतं, तिथं त्या हा खेळ ठेवणार होत्या. कोणाकडं कुत्रा असेल तर आणा, असं सगळ्यांना सांगून राहिल्या होत्या.

"माझी तांबडी याच्या दुप्पट पळते," मी म्हणालो.

संध्याकाळी टपरीवर जाहीर करून टाकलं, "कुत्र्याचा पट हाय. माझं नाव पुन्हा भोंग्यावर येते का नाही पाहा." सगळे फिदीफिदी हसले. एक जण म्हणाला, बुढा सठिया गया. झालं, आता माघार घेतली असती तर गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. माझं नाव पुन्हा भोंग्यावर यावं, एवढंच मला हवं होतं. त्यापायी मी कुत्र्यामागंच काय, कोंबडीमागंही धावलो असतो.

घरच्या बांबूंच्या उड्यांच्या काठ्या केल्या. शेत सपाट करायचा पाटा चढावाला लावला. बोगद्यासाठी खताची पोती जोडून लांब पिशवी शिवायची होती, ते बायकोमार्फत सुनेला सांगितलं. तिनं दोन दिवसांत शिवून बांबूच्या कड्यांवर ताणून दिली. पहिल्या दिवशी मी पराणी घेतली, तांबडीच्या मागं उभा राहिलो, छाती भरून श्वास घेतला आणि पटावरची आरोळी ठोकली. शेजारच्या घरावरचे कावळे उडाले. तांबडी पोट जमिनीला टेकवून आडवी झाली आणि तिथंच मुतली.

मग दर दोन दिवसांनी दोन कोस चालत तिला गोरेगावला नेऊ लागलो. मॅडमनी पहिल्याच दिवशी माझ्या हातातली पराणी काढून घेतली आणि औषधांच्या खोक्यामागं ठेवून दिली. "आता तोंड बंद ठेवा," त्या म्हणाल्या. माझ्या बापाची मला असं म्हणायची छाती झाली नव्हती! "कुत्रं तुमचं बोलणं नंतर ऐकतं, काका. आधी अंग वाचतं. पाय कुठं वळला, खांदा कुठं फिरला, हात कुठं गेला, सगळं. मागून हाकू नका, सोबत पळा."

सांगायला सोपं आहे. मी जन्मभर जनावराच्या मागं उभा राहिलेला माणूस. सोबत पळायला गेलो की तांबडी माझ्यापासून चार हात लांब सरकायची. तोंड बंद राहावं म्हणून मी खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर करकचून बांधून पाहिला, तरी त्यातून हुर्रर्र निघायचंच. मॅडम पोट धरून हसायच्या. मला असा संताप यायचा की सांगता सोय नाही. दीड महिना झाला तरी तांबडी एक काठी ओलांडायची आणि दुसरीखालून निघून बाजेखाली जाऊन बसायची.

प्रदर्शनाला आठ दिवस राहिले असतील. मी मजुरांची चौकशी करायला शेजारच्या गावी निघालो, मजूर पुरवणारा माणूस वाटेतच भेटला, म्हणून लगेच परतलो. कुंपणाच्या तट्टीपाशी आलो तर आतून धप धप पावलं वाजून राहिली होती. फटीतून पाहिलं.

सून पळत होती. पदर कमरेला खोचलेला, पाय अनवाणी. बाजूनं तांबडी. सुनेनं खांदा वळवला, तांबडी पहिल्या काठीवरून गेली. हात पुढं केला, दुसरीवरून गेली. तळवा खाली दाखवला, बोगद्यात शिरली. बांबूंच्या ओळीपाशी सून नुसती पाय आपटत तिरकी चालली आणि तांबडी डावी-उजवी, डावी-उजवी करत शेवटपर्यंत गेली. एक बांबू चुकला नाही. दोघींच्या तोंडून शब्द नाही. तांबडीची शेपटी एवढी वर मी कधी पाहिलीच नव्हती. माझ्या घरात, माझ्या अंगणात हे चाललं होतं आणि मला पत्ता नाही!

माझ्या हाताखालची तट्टी करकरली. सुनेनं वळून पाहिलं, पदर डोक्यावर ओढला आणि आत गेली. तांबडीनं मला पाहिलं, शेपटी पायांत घातली आणि बाजेखाली गेली. दोघी एकाच वेळी.

"हे कधीपासून चालू हाय?" मी बायकोला विचारलं.

"तुम्हाले आत्ता दिसलं का जी?" ती धान पाखडता पाखडता म्हणाली. "तुम्ही ओसरीत असता, तर तिनं कुत्रीले हाका माराव्या कशा? चार वर्षांपासून हातानंच सांगते. ये, जा, बस, सारं हातानंच. तिकडं पाय केला का तांबडी तिकडं जाते."

दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं. त्या खुर्चीतून उठल्याच. "अहो, मग तिलाच पळू द्या ना!"

"भर मैदानात? आमच्या घरची सून? लोकाइसमोर पदर खोचून?" मी असा गरजलो की बाहेर बांधलेली गाय दचकली. तो विषय तिथंच संपला. पळणार होतो मीच. नाव माझं येणार होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी मैदान भरलं होतं. एकीकडं म्हशी, एकीकडं बोकड, मधे दोर बांधून मॅडमनी सगळं मांडलं होतं. टपरीवरची सगळी मंडळी पुढं येऊन बसली होती. बायकांच्या बाजूला माझी बायको आणि सून. आधी मॅडमचा कुत्रा पळाला, टाळ्या पडल्या. मग भोंग्यावर माझं नाव आलं. गावासकट, बापाच्या नावासकट. पुकारणारा जुना होता, त्यानं आठवणीनं म्हटलं, शंकरपटाचे गाजलेले धुरकरी! माझ्या अंगावर काटा आला. चार वर्षांनी ऐकलं होतं हो.

आणि मॅडमनी झेंडी खाली केली तशी माझ्या तोंडून आरोळी सुटली. मी ठरवून नाही मारली, झेंडी पडली की ती सुटतेच. सगळ्या मैदानात घुमली. बोकड ओरडले, म्हशींनी दावी ताणली, आणि तांबडी आडवी झाली. पोट मातीला, कान मागं. मी पुन्हा ओरडलो. ती मुतली. कोणीतरी हिंदीतून म्हणालं, "चाचा, गोदी में उठा के दौड़ो!" आणि हसण्याचा असा लोट उठला की मला समोरचं दिसेनासं झालं. मी तिच्यावर हात उचलला.

"मामाजी, हात खाली घ्या."

जाड, खालच्या पट्टीतला आवाज. मी इकडंतिकडं पाहिलं, कोण बोललं ते मला कळेना. सून दोराच्या आत आली होती. माझ्या आणि तांबडीच्या मधे उभी होती. डोक्यावर पदर होता, पण डोळे सरळ माझ्या डोळ्यांत.

"हात खाली घ्या. आनि आता बोलू नोका."

चार वर्षं एका छपराखाली राहिलो, आणि सुनेचा आवाज कसा आहे ते मला माहीत नव्हतं! हात आपोआप खाली आला. तिनं पदर कमरेला खोचला, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि आपल्या मांडीवर दोनदा हात थोपटून तांबडीला दाखवला. तांबडी उठली. मग त्या दोघी ज्या निघाल्या! काठ्या, चढाव, बोगदा, बांबू, सगळं, आणि मैदानात फक्त तिच्या पावलांचा आवाज. शेवटची उडी झाल्यावर तांबडी तिच्या अंगावर झेपावली. लोक उभे राहिले. टपरीवालेही उभे राहिले. पुकारणाऱ्यानं मला खुणेनं विचारलं, नाव कोणाचं घेऊ? मी सुनेकडं बोट केलं. त्यानं जाऊन तिला विचारलं आणि भोंग्यावर तिचं नाव घेतलं. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. मी अजून त्या आवाजातच अडकलो होतो.

घरी येताना मी मनाशी ठरवून टाकलं की आता झालं ते बरं झालं. रीत मोडली तर मोडली. उद्यापासून सून समोर येईल, बोलेल, मीही काही म्हणणार नाही. आपलं मन केवढं मोठं, असंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कडी वाजली.

मी पाटावर जाऊन बसलो. ताट वाढलेलं, सून दाराआड. मी वाट पाहिली. शब्द नाही. बायकोला म्हणालो, "काल तर बोलली ना मैदानात. आता काऊन नाही बोलत? मी का खातो तिले?"

बायको भात वाढत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"काल ती तांबडीसाठी बोलली. तांबडीवर तुमचा हात उठला म्हनून."

"मंग?"

"मंग काही नाही जी. तिच्यावर ताट फेकलं, तवा कोनी बोललं होतं का? मीबी नाही बोलली. त्या पिल्लानं तेवढा भात खाल्ला, अन् ते तिच्यापाशी जाऊन बसलं."

मी चार वर्षं टपरीवर सांगून राहिलो होतो ती हसायची गोष्ट आणि ही गोष्ट एकच होती. ती रीत नव्हतीच, भेव होतं. कुत्री मुतली तेव्हा मला दिसलं, सून मात्र नुसती चूप झाली, म्हणून मी त्याला मान म्हणालो.

मला जेवण जाईना. ताट आपणच मोरीवर नेऊन ठेवावं म्हणून मी ते दोन्ही हातांनी उचललं. दारात बसलेली तांबडी झटकन आडवी झाली, पोट जमिनीला, कान मागं. दाराआडच्या बांगड्या वाजत होत्या, त्या थांबल्या. बायकोनं मार चुकवावा तसा डोक्यावर हात आडवा धरला.

मी ताट हळूच खाली ठेवलं.