मेकअप रूमची कडी

आमच्या गावच्या नाट्यगृहाच्या कला समितीवर मी सहा वर्षं आहे. काल कलाकारांना गुलाब द्यायला म्हणून पहिल्यांदाच रंगमंचामागे गेलो. बायकांच्या मेकअप रूमच्या दारात अर्धा मेकअप झालेल्या एक बाई दोन्ही हातांनी एक साडी आडवी ताणून धरून उभ्या होत्या.

"थांबा हं सर. आत कपडे बदलतायत. दाराला कडी नाहीये ना."

आवाजात तक्रार नव्हती. मलाच कुठे बघावं कळेना.

कडी बसवण्याचा अर्ज मी समितीच्या बैठकीत वाचला होता. त्या बैठकीत दर्शनी पडदा मरून हवा की निळा, यावरच तास गेला आणि अर्ज पुढच्या बैठकीवर ढकलला. तसा तो तीनदा ढकलला. कलेची सेवा करतो म्हणणाऱ्या आम्हां लोकांची तोंडं कायम रंगमंचाकडे. पहिल्या रांगेतून त्यामागचं दिसणार कसं?

मी तसाच परतलो. तिसरी घंटा झाली. मरून पडदा झोकात उघडला.

"रंग काय शोभतोय! तुमचीच निवड," शेजारचे सदस्य म्हणाले.

मी सवयीनं हसलो आणि हातातले गुलाब हळूच खुर्चीखाली ठेवले.